भास्कराचार्य आणि दोन-आठची बेरीज

खानदेशची थोरवी सांगू लागलो म्हणजे आपल्या तोंडी काही ठरलेली नावे येतात. जळगावची केळी, भुसावळचे रेल्वे जंक्शन, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर आणि आसोद्याच्या मातीत उगवलेली बहिणाबाईंची गाणी. या नावांत भास्कराचार्यांचे नाव आपण क्वचितच घेतो. वास्तविक या थोर गणितज्ञाच्या घराण्याची सविस्तर हकीकत ज्या शिळेवर कोरलेली आहे ती शिळा आपल्याच चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात सापडली. मी कला शाखेचा विद्यार्थी; संस्कृत हा माझा विषय. भास्कराचार्यांचे ग्रंथ मी प्रथम हाती घेतले ते भाषेसाठी. गणितासाठी ते वाचण्याची वेळ पुढे कशी आली, ते ओघाने येईलच. त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे आणि त्यांच्या गणितातील एक गोष्ट आजच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कशी उपयोगी पडते ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भास्कराचार्यांनी आपल्याविषयी फार थोडे लिहून ठेवले आहे. परंतु जे लिहिले ते नेमके आहे. आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण सिद्धान्तशिरोमणि रचला, असे ते गोलाध्यायात नमूद करतात. त्यावरून या ग्रंथाचे वर्ष इ. स. ११५० ठरते. गोत्र शांडिल्य, गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. हे गाव नेमके कोणते यावर पंडितांचे वाद झाले. कोणी विजापूर म्हणतो, कोणी बीड, तर कोणी ते पाटणच्याच आसपास शोधतो. वडिलांचे नाव महेश्वर. तेच त्यांचे गुरू. म्हणजे पिता आणि आचार्य ही दोन नाती एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेली होती.

लीलावती ही त्यांची कन्या, तिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला आणि दुःखी मुलीच्या समाधानासाठी वडिलांनी तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कथा गोड आहे. पण भास्कराचार्यांच्या ग्रंथांत ती नाही आणि पाटणच्या लेखातही नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती पसरली. ग्रंथात आढळतात ती संबोधने. प्रत्येक उदाहरण कोणाला तरी उद्देशून घातलेले आहे: कधी बालिकेला, कधी मित्राला, कधी वाण्याला, कधी गणकाला. गणित म्हणजे कोणाला तरी हाक मारून विचारलेला प्रश्न, ही त्यांची लिहिण्याची रीतच होती.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात व्यक्त म्हणजे ज्ञात संख्यांचे गणित, दुसऱ्यात अव्यक्त म्हणजे अज्ञात राशींचे, तिसऱ्यात ग्रहांच्या गतीचे आणि चौथ्यात खगोलाचे. श्लोक पाठ करण्यासाठी. त्यामागील उपपत्ती समजावी म्हणून स्वतः आचार्यांनीच ग्रहगणित व गोलाध्याय यांवर वासना नावाचे गद्य भाष्य लिहिले. ज्याला केवळ उत्तर हवे त्याने श्लोकातील रीत वापरावी. ती अशीच का, हे ज्याला हवे त्याने वासना उघडावी. वापरणाऱ्यापुढे रीत आणि पडद्याआड तिची घडण, ही सोय लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

आता दोन आणि आठ यांच्या बेरजेकडे वळतो. लीलावतीत आरंभी परिकर्माष्टक येते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ या त्या आठ क्रिया. पूर्णांकांसाठी त्या सांगून झाल्या की विषय संपला असे कोणालाही वाटेल. पण आचार्य थांबत नाहीत. त्याच आठ क्रिया ते अपूर्णांकांसाठी पुन्हा सांगतात. तीन, एक पंचमांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज विचारून आधी समच्छेद करायला लावतात. उत्तर येते पंधरांश त्रेपन्न. मग शून्यासाठी त्या आठ क्रिया तिसऱ्यांदा येतात. शून्याने भागले तर राशी खहर होते. शून्याने गुणले आणि पुढे आणखी क्रिया उरली असेल तर घाईने शून्य मांडू नये. शून्य हा गुणक तसाच बाजूस ठेवावा, कारण पुढे शून्यानेच भागावयाचे असल्यास मूळ राशी अविकृत राहते.

बीजगणितातही तोच क्रम आहे. तेथे घन आणि घनमूळ वगळून सहा क्रिया घेतल्या आहेत, म्हणून षड्विध. धन-ऋणाचे षड्विध, शून्याचे षड्विध, अव्यक्ताचे षड्विध, करणीचे षड्विध. अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे दिली आहेत आणि लिहिताना त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी अशी घेतली आहेत. ज्ञात संख्येला रूप म्हणून रू हे अक्षर लावले आहे. नियम असा की एका जातीच्या राशी एकमेकींत मिळवाव्यात आणि भिन्न जातीच्या राशी शेजारी शेजारी वेगळ्या ठेवाव्यात. तीन या आणि दोन या मिळून पाच या होतात; पण तीन या आणि दोन का यांचे पाच काहीच होत नाहीत.

करणी म्हणजे ज्या संख्येचे वर्गमूळ घ्यावयाचे आहे पण ते नेमके निघत नाही अशी राशी. आचार्य विचारतात, करणी दोन आणि करणी आठ यांची बेरीज किती? साध्या संख्या असत्या तर दहा. पण येथे रीत निराळी. दोन आणि आठ यांची बेरीज दहा. त्यांच्या गुणाकाराचे, म्हणजे सोळाचे, वर्गमूळ चार, त्याची दुप्पट आठ. दहा आणि आठ अठरा. उत्तर करणी अठरा. दोनचे वर्गमूळ आणि आठचे वर्गमूळ दशांशांत काढून मिळवावे आणि अठराच्या वर्गमुळाशी ताडून पाहावे, मेळ बसतो. करणी तीन आणि करणी सात यांचा गुणाकार एकवीस. त्याला नेमके मूळ नाही, म्हणून त्यांची बेरीज होत नाही. त्या दोघी शेजारी ठेवाव्यात.

आज्ञा एकच, बेरीज कर. पण ती कोणाला दिली यावर काय घडेल ते ठरते. साधी संख्या आपल्या रीतीने मिळते, अपूर्णांक आपल्या, करणी आपल्या आणि अव्यक्त आपल्या. भास्कराचार्य क्रियेआधी राशीची जात विचारतात. ही त्यांच्या ग्रंथरचनेची किल्ली आहे, असे मला वाटते.

याच किल्लीमुळे माझा संगणकाशी संबंध आला. धुळ्यास राहणारी माझी चुलतबहीण संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या विषयाने तिला जेरीस आणले होते. क्लास, ऑब्जेक्ट, मेथड या शब्दांच्या व्याख्या तिला मुखोद्गत होत्या; परंतु एक ऑब्जेक्ट दुसऱ्याची मेथड बोलावतो म्हणजे नक्की काय घडते, हे उलगडत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला करणीचे षड्विध वाचून दाखविले. तिने लगेच संगणकावर दोन आणि आठ यांच्यात अधिक चिन्ह घालून दाखविले, उत्तर दहा. मग तेच दोन आणि आठ अवतरणचिन्हांत, म्हणजे आकडे न मानता अक्षरे मानून घातले, उत्तर अठ्ठावीस. अक्षरांची बेरीज म्हणजे त्यांना एकापुढे एक जोडणे. दहा, अठरा आणि अठ्ठावीस: तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर! विषय कळण्याची सुरुवात आम्हा दोघांचीही तेथूनच झाली.

कला शाखेच्या वाचकांसाठी तो विषय थोडक्यात सांगतो. क्लास म्हणजे जात किंवा वर्ग. त्या जातीच्या वस्तूपाशी कोणती माहिती असेल आणि तिला कोणत्या गोष्टी करता येतील याचा तो आराखडा होय. त्या आराखड्यावरून घडलेली एकेक प्रत्यक्ष वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. वस्तूला जे करता येते ती तिची रीत, म्हणजे मेथड. आणि अमुक रीत चालव असे त्या वस्तूला सांगणे म्हणजे मेथड कॉल. आपल्या भाषेत, हाक. हाक मारणाऱ्याने आतील घडण जाणण्याची गरज नसते. वस्तू कोणत्या जातीची आहे हे पाहून तिच्या जातीची रीत चालते. ही कल्पना प्रथम मूर्त स्वरूपात आणली ती नॉर्वेतील ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर या दोघांनी. ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात इ. स. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी सिम्युला ही भाषा घडविली आणि तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट व वारसा ही तिन्ही आली.

जात आणि वस्तू यांतील फरकासाठीही लीलावतीत सुंदर उदाहरण आहे. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य अशी दहा आयुधे आहेत. ती अदलाबदल करून किती मूर्ती होतील? आणि गदा, चक्र, कमळ, शंख धारण करणाऱ्या हरीच्या किती? रीत दोघांना एकच: एकपासून हातांच्या संख्येपर्यंतचे अंक एकमेकांनी गुणावेत. शंभूच्या मूर्ती ३६,२८,८०० होतात; हरीच्या २४. संध्येतील केशवादी चोवीस नावांच्या चोवीस मूर्ती आयुधांच्या याच अदलाबदलीने ओळखल्या जातात. आयुधधारी देव ही एक जात. शंभू आणि हरी या तिच्या दोन वस्तू. आराखडा तोच, रीतही तीच. प्रत्येकापाशी असलेली आयुधे वेगळी, म्हणून उत्तर वेगळे.

वस्तूंमध्ये नाती असतात, आणि नवशिक्याचा गोंधळ बहुधा नात्यांतच होतो. एक नाते प्रकाराचे: करणी हा राशीचाच एक प्रकार आहे. दुसरे नाते जवळ असण्याचे: हरीपाशी शंख आहे. शंख हा हरीचा प्रकार नव्हे, हे सांगण्याची गरज पडू नये. पण आज्ञावली लिहिताना नेमकी हीच चूक होते, असे माझी बहीण सांगते. तिसरे नाते कामाला लावण्याचे: एकाने आपले काम पुरे करण्यासाठी दुसऱ्याला हाक मारणे.

हे तिसरे नाते पाहावयाचे तर ग्रहगणित उघडावे. ग्रहण वर्तवावयाचे आहे. त्यासाठी सूर्य आणि चंद्र यांची स्पष्ट स्थाने हवीत. स्पष्ट स्थानासाठी मध्यम स्थान हवे आणि त्यावर संस्कार करण्यासाठी ज्या म्हणजे साइन हवी. मध्यम स्थानासाठी अहर्गण, म्हणजे आरंभापासून लोटलेले दिवस हवेत, आणि मग त्रैराशिक: ४,३२,००,००,००० वर्षांच्या कल्पातील इतक्या दिवसांत ग्रहाचे इतके भगण होतात, तर अहर्गणात किती? ग्रहणाचा अध्याय स्पष्टाधिकाराला हाक मारतो, तो मध्यमाधिकाराला, तो त्रैराशिकाला. त्रैराशिक आपले उत्तर वर देते आणि तसेच पायरीपायरीने उत्तर ग्रहणापर्यंत पोहोचते. ग्रहण मांडणारा ज्योतिषी ज्यांची सारणी नव्याने घडवीत बसत नाही. चोवीस ज्या त्रिज्या ३४३८ धरून आधीच सिद्ध आहेत. मघाशी वासनेविषयी जे म्हटले त्याचा अर्थ येथे कळतो. रीत बाहेरून वापरता येते. आत शंका आली तरच उघडावयाची.

अशा साखळीचे शिखर म्हणजे बीजगणितातील चक्रवाल. एखाद्या संख्येच्या वर्गाला एकसष्टने गुणून त्यात एक मिळविला असता पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती? चक्रवाल हे काम एकट्याने करीत नाही. योग्य गुणक निवडण्यासाठी ते कुट्टकाला बोलावते आणि आलेली पदे जोडण्यासाठी भावनेला. उत्तर पुरेसे जवळ आले नसेल तर ते आलेल्या उत्तरावर पुन्हा स्वतःलाच चालविते. म्हणून त्याचे नाव चक्र. अखेर उत्तर येते २२,६१,५३,९८०, आणि ज्याचा वर्ग होतो ती संख्या १,७६,६३,१९,०४९. फ्रान्समधील फर्मा याने हाच एकसष्टचा प्रश्न इ. स. १६५७ मध्ये युरोपातील गणित्यांना आव्हान म्हणून घातला. भास्कराचार्यांचा ग्रंथ तेव्हा पाच शतके जुना झाला होता.

चक्रवालाचे सारे श्रेय मात्र एकट्या भास्कराचार्यांचे नव्हे. भावना ही ब्रह्मगुप्ताची, सातव्या शतकातील. चक्रवालाची रीत जयदेव नावाच्या आचार्याच्या नावावर अकराव्या शतकातील टीकेत आढळते. बीजगणिताच्या अखेरीस आचार्य स्वतः सांगतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ग्रंथ विस्तृत होते, त्यांतील सार आपण घेतले. वारसा त्यांनी मोकळेपणाने मान्य केला. पण तो जसाच्या तसा मात्र घेतला नाही. गोलाच्या पृष्ठफळाचा लल्लाचा नियम चुकीचा आहे हे त्यांनी गोलाध्यायात दाखविले आणि त्याच्या जागी परिघ गुणिले व्यास हा योग्य नियम ठेवला. संगणकाच्या भाषेतही वारसा असाच चालतो. वडील क्लासच्या रीती मुलाकडे आपोआप येतात. त्यांपैकी एखादी जमत नसेल तर मुलाने त्याच नावाची आपली रीत लिहावी आणि बाकीच्या तशाच राहू द्याव्यात. वारसा आणि दुरुस्ती यांत विरोध नाही, हे मला या चरित्राने शिकविले.

एवढे साम्य दाखविल्यावर उत्साही वाचक म्हणतील की पाहा, हेही आमच्याकडे आधीच होते. तसे मला म्हणावयाचे नाही. भास्कराचार्यांनी संगणकाची कल्पना केली नव्हती आणि दाल व न्यूगोर यांनी बीजगणित वाचून सिम्युला घडविली असा कोणताही पुरावा नाही. जहाजे, रांगा, कारखाने यांच्या हालचाली यंत्रावर हुबेहूब उभ्या करण्याच्या गरजेतून ती भाषा जन्मली. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांतून माणसे एकाच सोयीच्या मांडणीपर्यंत येऊ शकतात, एवढेच येथे दिसते. फुकाच्या अभिमानाने भास्कराचार्य मोठे होत नाहीत. करणी दोन आणि करणी आठ यांची बेरीज स्वतः करून पाहिली म्हणजे ते मोठे का, हे कळते.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा लहान ग्रंथ रचला. सिद्धान्तशिरोमणीतील कल्पारंभापासूनची अवजड गणना टाळून त्याच वर्षापासून दिवस मोजण्याची सोय त्यात आहे. पंचांग करणाऱ्याचे काम हलके व्हावे हा त्याचा हेतू. म्हातारपणी एवढ्या मोठ्या पंडिताने सामान्य गणकाची अडचण ओळखून लिहावे, हे मला त्यांच्या चरित्रातील फार हृद्य प्रकरण वाटते.

त्यांच्या मागे पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या पदरी नेले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. इ. स. १२०७ मध्ये श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणसमयी निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. घराण्याची वंशावळ त्रिविक्रमापासून सांगणारा हा लेख संस्कृतात आहे. पण देणग्यांचा तपशील येताच तो मराठीत बोलू लागतो. गावकऱ्यांनी काय द्यावयाचे ते गावकऱ्यांच्याच भाषेत. त्याच तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळ येथे, भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव याचा इ. स. १२२२ चा लेख आहे. पाटणचा लेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधला आणि तो इ. स. १८६५ मध्ये विद्वानांपुढे आला.

ते घराणे पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे विद्या सोपवीत आले. वारशाने येणारी विद्या घरापुरती राहते आणि वंश खुंटला की संपते. चांगदेवाने तिला घराबाहेर एक जागा दिली, जेथे जाऊन आचार्यांच्या ग्रंथांना हाक मारता येईल. मठ आज नाही. सातमाळ्याच्या कुशीत देऊळ आणि रान आहे. ग्रंथ मात्र आहेत, छापलेले आहेत, भाषांतरित आहेत आणि आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. कपाटातील रीत आपण होऊन चालत नाही. संगणकातील मेथडही लिहून ठेवल्याने चालत नाही. कोणीतरी बोलवावी लागते.

संस्कृत येणाऱ्याने गणित सोडून द्यावे आणि गणित येणाऱ्याने संस्कृताकडे पाहू नये, असा एक अलिखित नियम आपल्या महाविद्यालयांतून रूढ झाला आहे. त्यामुळे पाटणच्या आचार्यांना दोन्हीकडचे विद्यार्थी अर्धेच ओळखतात. हा नियम मोडण्यास फार मोठी सोय लागत नाही. संस्कृत विभागाने एक दुपार आणि गणित विभागाने एक फळा दिला तरी पुरे. सुरुवात करणी दोन आणि करणी आठ यांपासून करावी.